तळ्याकाठचे बूट आणि दिवसभराचा पास

आमच्या हिनं आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गादीला ऊन दाखवणं. एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. "तुमच्या बाजूनं घासतेय, वर धरा की जरा!" ती म्हणाली. मी वर धरली. गच्चीत गादी पसरली, ही खाली आली, जरा आडवी झाली आणि गेली. एवढा संसार केला आणि निरोपाचं बोलणं काय, तर गादीबद्दल! (गादी संध्याकाळपर्यंत वरच होती. शेजाऱ्यांनी आणली.)

दिवसकार्य उरकलं आणि मुलगा सुनील मला जपानला घेऊन गेला. तेव्हा पुण्यातली कॉम्प्युटरवाली पोरं तिकडं निघालीच होती, त्यातलाच हा एक. घर फुनाबोरीला, ऑफिस लांब कावासाकीला. सून अश्विनीसुद्धा कामाला जायची. मी सातवी नापास, जन्म गेला रिक्षाच्या गॅरेजात. तिथं घरात बसून करू काय? कचरा वेगवेगळा करून बाहेर ठेवायचं काम मला दिलं होतं. बाटल्यांच्या दिवशी मी काकडीची सालं ठेवली, म्हणून तेही काढून घेतलं! रिकामा बसलो की आमची गेलेली ही समोर येऊन उभी राहायची. मला बाहेर पडायचं होतं. एवढंच.

"सुन्या, मला एकट्याला फिरू दे."

"बाबा, तुम्हाला इथलं वाचता येत नाही."

"गाडीत बसायला वाचावं कशाला लागतंय? बसावं लागतंय!"

शेवटी त्यानं हार मानली. प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून एक पास दिला. "हा दिवसभर चालतो. गाडीलाही चालतो आणि दोन म्युझियमलाही. पाकिटात माझा नंबर आहे. मला कुणाचा फोन आला नाही, तर रोज जा. फोन आला, तर फिरणं बंद!"

"बंद तर बंद," मी म्हणालो.

स्टेशनातल्या यंत्रानं पास माझ्या हातातनं ओढून गिळला. मी ओरडणार, तोवर त्यानं तो पुढच्या तोंडातनं बाहेर काढला! असलं इमानदार यंत्र मी पाहिलं नव्हतं. मी परत मागं फिरून एकदा घालून बघणार होतो, पण मागं रांग लागलेली.

म्युझियमही झकास. काचेच्या पेटीत फुटकी मडकी ठेवलेली आणि माणसं श्वास रोखून बघतायत. (आमच्या हिनं असलं मडकं उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नसतं.) एका जुन्या घड्याळाची चाकं मी वाकून इतका वेळ बघितली, की पहारेकरीण बाईंनी मला खुर्ची आणून दिली.

मागं बाग होती, तळं होतं आणि तळ्याकाठी दगडाचा एक छोटा देव. गळ्यात लाल लाळेरं, तोंडावर हसू. आता देव म्हटल्यावर पायताण काढायचं, यात विचार कसला? बूट जोडीनं नीट ठेवले. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात येऊ नयेत, म्हणून अगदी पाण्याच्या कडेला. वाकताना खिशातनं पाकीट पडायला नको, म्हणून तेही बुटात ठेवलं. देवाला प्रदक्षिणा घातली. पलीकडं टेकाडावर आणखी देव दिसले. तिथंही गेलो. अनवाणी पायाला गवत इतकं गार लागत होतं, की वेळेचं भान राहिलं नाही.

खाली आलो तर तळ्याकाठी ही गर्दी! पोलीस, पहारेकरी, एकजण लांब काठीनं पाणी ढवळतोय. मी हातानं विचारलं, काय झालं? एका बाईनं पाण्याकडं बोट दाखवलं आणि डोळे मिटून हात जोडले.

अरेरे! मीही जोडले.

मग मला राहवेना. गर्दीतनं पुढं घुसलो. "तिकडं, तिकडं! बुडबुडे आले बघा!" काठीवाल्यानं मला वाकून नमस्कार केला आणि तिथं ढवळलं. एक जाडा मासा निघाला. मी दुसरी जागा दाखवली. तिथंही मासाच! इतक्यात हातमोजे घातलेल्या पोलिसानं मेलेल्याचे बूट उचलले. मी मनात म्हटलं, बिचाऱ्याची आवड अगदी माझ्यासारखी होती.

तेवढ्यात सुनील पळत आला. टाय खांद्यावर, तोंड पांढरंफटक. बूट बघितले आणि तिथंच मटकन बसला. "बाबा!" म्हणून हंबरडा फोडला. आई गेली तेव्हा पाहुण्यांना चहा देत फिरणारा हा पोरगा!

मी मागनं खांद्यावर हात ठेवला. "काय रे सुन्या, कोण गेलं?"

त्यानं वर बघितलं आणि मला असं आवळलं, की बरगडी मोडतेय की काय!

"कुठं होतात तुम्ही?"

"इथंच! मघापासून शोधायला मदत करतोय."

"कोणाला?"

तेव्हा मी माझ्या पायांकडं बघितलं.

त्या देशात म्हणे जीव द्यायला निघालेला माणूस बूट असे जोडीनं काढून ठेवतो. हे मला आधी सांगायला नको? पोलिसानं सुनीलला विचारलं, घरात काही दुःख आहे का? तो म्हणाला, आई गेली. मग पोलीस माझ्याकडं वळला. सुनीलनं मान खाली घालून मराठीत केलं, "तुमच्या मनात तसं काही होतं का, विचारतायत."

"सांग त्यांना, घरात बसलो की येतं कधीकधी. आज नव्हतं. आज अजून एक म्युझियम बाकी आहे आणि पास संध्याकाळपर्यंत चालतो. चालू पास टाकून कोण मरतं?"

पहिलं वाक्य जपानीत करायला सुनीलला फार वेळ लागला. पोलिसानं सगळं ऐकून घेतलं, पास उलटसुलट तपासला आणि दोन्ही हातांनी मला परत दिला. मग सगळे मला वाकले, मी सगळ्यांना वाकलो, काठीवाला परत वाकला. हे बराच वेळ चाललं.

घरी आलो. फिरणं बंद! सुनीलला फोन तर आला होता, अट म्हणजे अट.

सकाळी मी हॉलमध्ये बसून होतो. सुनील टाय न लावता आला. हातात दोन पास. "सुट्टी टाकलीय. ते राहिलेलं म्युझियम मला दाखवा, बाबा."

दाखवा! मला म्हणाला!

मग काय, मी पुढं, तो मागं. यंत्रात पास कसा घालायचा ते त्याला शिकवलं, समोर आली त्या गाडीत बसवलं आणि सगळ्या गप्प डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला परक्या गावात कसं वागायचं ते समजावत राहिलो. गाडी थांबली. सगळे उतरले. गाडी पुढं जाईच ना. इचिकावा आलं होतं. म्हणजे आमच्या म्युझियमच्या बरोबर उलटं टोक!

"सुन्या, आपण उलटे चाललोय, हे तुला माहीत होतं?"

"बसल्यापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"रस्ता चुकू नये म्हणून काय करायचं, ते तुम्ही सांगत होतात, बाबा. मध्ये कसं बोलणार?"