गेमवर ढकललेलं

माझ्या मुलाने चुलतभावाचं डोकं फोडलं, तेव्हा मी भेटेल त्याला एकच सांगत सुटलो: मोबाईलवरच्या गोळीबाराच्या गेमने पोरगं बिघडलं. मुलगा सोळाचा. दिवसभर त्या गेममध्ये माणसं मारायचा, हे खरंच होतं. लोकांना लगेच पटलं. माण गावातल्या माझ्या खोल्यांत भाड्याने राहणारे आयटी कंपनीवालेही माना डोलवू लागले.

घडलं ते जमिनीच्या मोजणीच्या दिवशी. आमच्याकडे मोजणीला घरातले झाडून सगळे पुरुष नेतात. बांधावर माणसं जास्त दिसली की समोरचा जपून बोलतो. धाकट्या भावाने सामाईक जमिनीतला रस्त्याकडचा तुकडा मला न विचारता बिल्डरला दिला होता. तो राग अजून उतरलेला नाही. खुणेचा दगड कुठे रोवायचा यावरून मी भावाची गचांडी धरली. पुतण्या सोडवायला मध्ये आला आणि माझ्या मुलाने त्याच्या डोक्यात खोऱ्याचा दांडा घातला. पुतण्याला उजव्या कानाने अजून ऐकू येत नाही.

तक्रार मागे घ्यावी म्हणून मी भावाच्या घरी गेलो. जमिनीचे सौदे करूनच वर आलेला माणूस मी. कुठे नमतं घ्यायचं ते कळतं.

"पोरगं हाय रं," मी म्हणालो. "त्या गेमनं डोकं फिरवलं त्याचं."

"दादा, गेममदी बंदूक असती. दांडा कुटनं आला?"

उत्तर त्यानेच दिलं.

"तुज्या जीपमदनं. सकाळी तूच वाटलेस, लग्नात अक्षता वाटाव्यात तसं. एवढंच चारचौघांत कबूल कर. उद्या तक्रार मागं घेतो."

माझं डोकं सणकलं. "आदी तू त्या तुकड्याचं कबूल कर!"

भावजय चहा घेऊन दारापर्यंत आली होती. ती तशीच आत वळली.

गेमचा काहीच वाटा नसेल, असं मी छातीठोक सांगणार नाही. पण दांडा मुलाच्या हातात देताना "मागं सरू नकोस" हे मीच म्हणालो होतो.

बाल न्याय मंडळापुढे न्यायाधीश बाईंनी मुलाला विचारलं, "का मारलंस?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी घरीच पढवून आणलं होतं.

"गेममुळं," तो म्हणाला. "सवय लागली हुती."

भाऊ मागच्या बाकावर माझ्या कबुलीची वाट पाहत होता. मी तोंड उघडलं नाही. बाईंनी मुलाचं म्हणणं लिहून घेतलं आणि पुढची तारीख दिली.