अप्पांचे पावणे

माझे सासरे अप्पा इतक्या मोठ्यानं बोलत, की आमच्या घरात आज कसली भाजी झाली आहे हे सगळ्या गल्लीला कळे. लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटायचं, या घरात सकाळ-संध्याकाळ भांडणच चालतं. एकदा धीर करून मी विचारलं, तर म्हणाले, "सूनबाई, माणसानं मोठ्यानं बोलावं. वरडून खोटं बोलाय येत न्हाय." तेव्हा मला हसू आलं होतं. पुढे एका हळू बोलणाऱ्या माणसानं अप्पांची जी दशा केली ती पाहिली, आणि ते हसू कायमचं गेलं.

आम्ही जैन. गगनबावड्याच्या रस्त्याला आमचा उसाचा मळा, आणि मळ्याला लागून एक सरकारी तळं. अप्पांचा जीव मळ्यात होता, पण त्याहून जास्त पाण्यात. पिण्याचं पाणी गाळलं की फडक्यावर जे राही ते पुन्हा त्याच विहिरीत सोडायचं, हा त्यांचा दंडक. एकदा मी आळस करून विहिरीच्या पाण्याचं फडकं तळ्यात झटकलं. अप्पांनी ते नेमकं पाहिलं. "ज्या पाण्यातला जीव त्याच पाण्यात जगतोय. तुला उचलून परमुलखात टाकली म्हंजी कसं व्हईल?" मी म्हणाले, "टाकलीच की मला सांगलीहून इथं." त्यावर ते इतके गडगडून हसले की गोठ्यातली म्हैस दचकून उठली.

जीव सोडवणं ही आमच्या घराची जुनी रीत. पर्युषणात अप्पा बाजारात जाऊन खाटकाच्या दारातला एखादा बोकड सोडवून आणत, आणि तो बोकड मळ्यावर आरामात म्हातारा होऊन मरे. भेंडीच्या रोपांचा फडशा पाडी, तरी त्याला कुणी काठी लावायची नाही. "त्यो काय आपल्या मर्जीनं आलाय व्हय? पावणा हाय त्यो," असं अप्पा म्हणत.

मग संस्थान विलीन झालं. नवे अधिकारी आले, त्यांच्यासोबत त्यांचे नवे शौक आले. त्यांतल्या एका साहेबानं आणि त्याच्या मित्रांनी मिळून हौसेनं मासे धरणाऱ्यांचा क्लब काढला. त्या साहेबाचं नाव मी घेत नाही, तोंड विटाळायला नको. तो पहिल्यांदा मळ्यावर आला तेव्हा चपला बाहेर काढून आत आला, 'जयजिनेंद्र' म्हणाला, आणि इतक्या मऊ आवाजात बोलला की अप्पांना पुढे वाकून ऐकावं लागलं. तळं ओसाड पडलं आहे, त्यात थंड डोंगरातले मासे आणून सोडायचे आहेत, येण्याजाण्याला तुमच्या मळ्यातली वाट लागेल, असं त्यानं सांगितलं. अप्पांनी सरळ विचारलं, "कशासाठी सोडतायसा?" साहेब म्हणाला, "अप्पासाहेब, इतकं सुंदर पाणी आहे. त्यात जीव नांदावेत, एवढंच." मग म्हणाला, "पहिला डबा तुमच्या हातून सोडावा अशी आमची इच्छा आहे."

अप्पांना आणखी काय हवं होतं? अख्खं आयुष्य बोकड सोडवण्यात गेलेल्या माणसाला एकदम हजारो जीव सोडायला मिळत होते. गळ त्यांच्या मनातही आला नाही. साहेबाच्या मनात मात्र दुसरं काहीच नव्हतं.

दिवाळीनंतर मासे आले. बर्फ लावलेल्या पत्र्याच्या डब्यांतून, आगगाडीनं, लांबच्या पहाडातून. ट्राउट नावाच्या माशाच्या दोन जातींचा संकर करून मुद्दाम तयार केलेली ही बोटभर पिल्लं आपल्याकडच्या उन्हालाही टिकतील, असं साहेब सगळ्यांना सांगत होता. अप्पा अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून आले. णमोकार मंत्र म्हणत त्यांनी डबा पाण्यात कलता केला. त्या एका दिवशी मी त्यांना हळू बोलताना ऐकलं. "पावणं, लांबनं आलायसा," ते माशांना म्हणाले, "जपून ऱ्हावा."

तेव्हापासून रोज संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत आमची जेवणं होण्याआधी, मी कणकेच्या बारीक गोळ्या करायच्या आणि अप्पांनी त्या तळ्यावर न्यायच्या, असा नेम सुरू झाला. पायरीच्या दगडावर ते पितळी गडू वाजवत. आधी मासे लांब राहत. मग जवळ आले. पुढे पुढे तर गडू वाजला की त्या कोपऱ्यात पाणी उसळायचं, आणि अप्पांच्या बोटांतून ते गोळी काढून न्यायचे. अप्पांना याचा एवढा अभिमान, की येईल त्याला ते तळ्यावर घेऊन जात. साहेबालाही नेलं. साहेब बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "कमाल आहे तुमची."

चैत्रात तळं तापलं आणि मासे पांढरं पोट वर करून तरंगायला लागले. क्लबाचं कुणी फिरकलं नाही. अप्पांनी विहिरीवरचं इंजिन सुरू केलं आणि विहिरीचं गार पाणी पाटानं सरळ तळ्याच्या त्या कोपऱ्यात सोडलं. पुरे दोन महिने उसाच्या वाट्याचं पाणी मासेच प्याले. ऊस जागच्या जागी वाळला. माझे यजमान संतापले, "अप्पा, पोरंबाळं काय खाणार?" अप्पा ओरडून म्हणाले, "ऊस म्होरच्या साली यील. पावणं मेलं तर परत येत्यात व्हय?" त्या कोपऱ्यात थोडे मासे तगले. पावसाळ्यात ते हातभर झाले.

पुढच्या दिवाळीनंतर क्लबाचा समारंभ ठरला. मोटारी आल्या, टेबलं आली, बायका रंगीत छत्र्या घेऊन आल्या. अप्पांना वाटलं, मासे वाढलेले बघायला आले आहेत. त्यांनी मला कणीक जास्त भिजवायला सांगितली. आम्ही दोघं तळ्यावर पोचलो तेव्हा साहेब त्याच पायरीवर उभा होता. एका हातात गळाची काठी होती. दुसऱ्या हातानं तो चहाची किटली दगडावर वाजवत होता. मासे आले. येणारच.

अप्पा तिथंच उभे राहिले. साहेबानं गळाला लागलेला मासा वर उचलला. तो तडफडत होता, आणि छत्र्यांखालून टाळ्या पडत होत्या. साहेबाचं लक्ष आमच्याकडे गेलं. काठी सांभाळत तो अदबीनं म्हणाला, "अप्पासाहेब, हे सगळं तुमच्यामुळे." मी आजवर अनेक शिव्या ऐकल्या, पण याच्याइतकी घाण शिवी ऐकलेली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अप्पा तळ्यावर गेले ते ओंजळभर खडे घेऊन. ज्यांच्या घरात मुंगीलासुद्धा फुंकर घालून बाजूला करायची पद्धत, ते अप्पा माशांवर दगड मारत होते. मी धावत गेले. "भ्याला पायजेत ती," ते म्हणाले. "भ्यायचं इसरल्यात. मीच इसराय लावलं." पण खडा पाण्यात पडला की मासे पळण्याऐवजी त्याच्याकडेच धावत. त्यांना तो खाऊ वाटत होता. अप्पांनी उरलेले खडे माझ्या हातात दिले. "तू मार. माझा हात वळखीचा झालाय." मी मारले. माझ्या खड्यांवरही ते तसेच धावून आले.

त्या चैत्रात तळं पुन्हा तापलं. इंजिनपाशी अप्पा बराच वेळ बसून होते. यजमानांना वाटलं, आता पुन्हा पाणी तळ्यात जाणार, आणि ते भांडायच्या तयारीनंच आले. अप्पा म्हणाले, "पाणी दिलं तर त्येंच्या गळासाठी दिलं. न्हाय दिलं तर मीच मारलं. कसंबी केलं तरी पाप माझंच की." मग ते उठले, हातात फावडं घेतलं आणि पाट उसाकडे वळवला. महिन्याभरात तळ्यातला शेवटचा मासा तरंगला. क्लबानं म्हणे दुसरीकडे तळं शोधलं.

त्यानंतर अप्पांचा आवाज गेला. आजारानं नाही. ते बोलत, पण इतकं हळू की वाकून ऐकावं लागे. गल्लीतल्या बायका मला विचारत, "अप्पा गावाला गेलेत का हो?"

माशांच्या वाट्याच्या त्या पाण्यावर त्या वर्षी ऊस मात्र असा आला, की बघणारे बांधावर थांबत. गुऱ्हाळ लागलं, सोन्यासारख्या रंगाच्या ढेपा पडल्या. मी रिवाजाप्रमाणे गरम गुळाचा पहिला खडा वाटीत घालून अप्पांपुढे धरला. त्यांनी वाटी हातात घेतली, वास घेतला आणि खाली ठेवली. "चांगला उतरलाय," एवढंच म्हणाले.

मरेपर्यंत त्यांनी गूळ खाल्ला नाही. चहा मी त्यांना रोज बिनगुळाचा देत असे. ते तो पीत आणि रिकामा पेला स्वतः विसळून ठेवत.