उणे तीन

"उणे तीन घालतंय. आता गा." एवढं बोलून काका कीबोर्डवर आवाजाच्या पातळीचा आकडा टाइप करायचे आणि लगेच दोन्ही हात मांडीखाली दडवायचे. गाणी रेकॉर्ड करणारा माणूस हातांवर बसलेला तुम्ही कुठे पाहिलाय? मी पाहिला, आणि खुशाल हसले.

तारकर्लीच्या रस्त्यावर काकांचा स्टुडिओ होता. भाड्याची खोली, भिंतींना गाद्या, मध्ये काच. मी शाळेत शिकवते आणि भजनं गाते. ती तिथे रेकॉर्ड व्हायची. बाकीचे ऑपरेटर पडद्यावरची बटणं माउसने फिरवतात, आवाजाची रेघ ओढून वरखाली करतात. काका मात्र बटणाखालच्या चौकटीत आकडाच लिहिणार. मी म्हणायचे, काका, गाणं आहे की गणिताचा पेपर?

"हात फसयता गो," ते म्हणायचे. "आकडो फसयणा नाय."

मला वाटायचं, म्हातारा हट्टी आहे, दुसरं काय.

गेल्या वर्षी जुना कॉम्प्युटर बंद पडला. नव्यातल्या सॉफ्टवेअरमध्ये चौकटीच नव्हत्या, नुसती गोल बटणं. मी हेडफोन लावून गात होते आणि एकदम कानात असा आवाज फुटला की मी किंचाळून हेडफोन भिरकावले. काचेपलीकडे काकांनी उजवं मनगट डाव्या हाताने दाबून धरलं होतं. तरी माउस टेबलावर टकटकत होता.

कंपवात. दोन वर्षं झाली होती, त्यांच्या घरी पत्ता नव्हता. मुलाला कळलं तर स्टुडिओ मोडून तो मुंबईला नेईल, याच भीतीने माणूस पोखरला होता. "कोणाक सांगू नको," म्हणाले. मी नाही सांगितलं.

पण खरं सांगते, मला त्या हाताची धास्ती बसली. दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती. कान गेले तर मी गाणार काय, कपाळ?

पुढच्या खेपेला मी एका कानावरचा हेडफोन मागे सरकवला आणि वरून ओढणी घेतली. पहिल्याच कडव्याला काकांनी थांबवलं, आत आले.

"भियालंस मा?"

"नाही हो काका. उकडतंय."

हेडफोन नीट करायला त्यांनी हात पुढे केला. तो कानाजवळ आला आणि मी मागे सरकले. ठरवून नाही, सरकलेच. काकांनी हात खाली घेतला. माझी मान वर होईना.

थोड्या वेळाने त्यांनी खिशातला मोबाइल माझ्यापुढे केला. "झिलाक फोन लाव गो. माका लावक जमणा नाय."

मी मुलाचा नंबर लावला. फोनही मीच त्यांच्या कानाशी धरला. पलीकडून मुलगा काहीतरी विचारत होता. काका म्हणाले, "ये रे, माका घेऊन जा."