एगैलात पाहिलेला चिखल

कुवेत विमानतळाबाहेर धाकटा भाऊ सतीश उभा होता. हवेत इतकी धूळ होती की दुपारीच गाड्यांचे दिवे लागले होते. मी नुसती फिरायला आले नव्हते. पुण्यात त्याचा मित्र विनय अखेर स्वतःचा चित्रपट करणार होता आणि कॅमेऱ्यामागे त्याला सतीशच हवा होता. कॅमेरा सोडून सतीशने इथे बँकेत नोकरी धरली, त्याला आता बरीच वर्षं झाली. एगैलातल्या त्याच्या घरी पोहोचल्यावर मी निरोप दिला. तो फक्त "बघू" म्हणाला.

शुक्रवारी इथली मराठी मंडळी त्याच्या घरी जमणार होती. सतीश त्यांना एका हंगेरियन दिग्दर्शकाचा चित्रपट दाखवणार होता. सकाळी आम्ही जेवण आणायला फरवानियाला गेलो. दापोलीच्या जुबेदाभाभी तिथे खानावळ चालवतात. तळलेली जुबेदी (पापलेट) बांधून देताना त्यांनी पिक्चरमध्ये काय आहे, असं विचारलं. माणसं पावसात, चिखलातून चालत राहतात, असं सतीशने सांगितलं.

"मग मी येतंय," भाभी म्हणाल्या. "चिखल बघून वर्सं झाली."

चित्रपट कृष्णधवल होता. एकेक दृश्य न कापता चालायचं. कॅमेरा माणसांच्या मागून सावकाश जायचा. अर्ध्या तासात निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. भाभी मात्र शेवटपर्यंत बसल्या.

नंतर सतीश बोलला. हा दिग्दर्शक सुरुवातीला हातातल्या कॅमेऱ्याने कोंदट घरांतली भांडणं टिपायचा, पुढे त्याची दृश्यं लांबत गेली आणि गोष्ट कमी होत गेली, हे त्याने समजावलं. नाव शिखरावर असताना या माणसाने चित्रपट करणं थांबवलं आणि तरुणांना शिकवायला घेतलं. सतीशला इतकं बोलताना मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. आता हा नक्की येणार, असं मला वाटलं.

भाभींना फरवानियाला सोडून परतताना त्याने गाडी फिंतासच्या किनाऱ्यावर थांबवली.

"ताई, मी पुण्याला येणार नाही. विनयला हवा असलेला सतीश आता मलाही सापडत नाही. पण आज बोलताना बरं वाटलं. मी इथेच शिकवीन."

मला वाईट वाटलं. रागही आला. 

पुढच्या शुक्रवारी त्याच किनाऱ्यावर सतीशकडे शिकायला चौघं जमली, त्यांत भाभीही होत्या. प्रत्येकाने फोनवर एकच दृश्य न थांबता टिपायचं होतं. भाभींनी समुद्र धरला. मध्येच त्यांचे मिस्टर कॅमेऱ्यासमोर आले आणि चहा कुठे ठेवलाय ते विचारू लागले. भाभी फोन खाली घेणार, तोच सतीश हळूच म्हणाला, "राहू द्या. चालू ठेवा." त्याचा खुललेला चेहरा मी पाहिला आणि माझा राग तिथेच ओसरला.

पुण्यात परतल्यावर विनयला भेटले. सतीश येत नाही, हे त्याला सांगितलं. मग त्याने विचारलं, "कॅमेऱ्याजवळ तरी जातो का?"

"जातो," मी म्हणाले. "आता दुसऱ्यांच्या हातात देतो."

त्याला आणायला गेले होते, ते जमलं नाही. पण तो कुठे आहे, हे मला आता नीट ठाऊक आहे.