भिंतीकडे उतार

आमच्या कल्याणच्या जुन्या घराची जमीन दरवर्षी कुठे ना कुठे खचायची. ती सारखी करायला खाडीकाठचा एक मिठागरवाला यायचा. मिठागराचा तळ तुडवावा तशी तो ओली माती पायांनीच तुडवायचा, कमरेवर हात ठेवून, घरातल्या प्रत्येकाची खुशाली विचारत. जमीन गुळगुळीत व्हायची. पण मिठागरात पाणी वाहते ठेवायच्या सवयीने एका भिंतीकडे उतार राहायचाच.

माझ्या बहिणीच्या लग्नाआधी आईने त्याला बजावले, "अरे बाबा, इथे व्याही जेवायचे आहेत, मीठ पिकवायचे नाही!"

व्याही फार मानी. साखरपुड्याला पाट डुगडुगला म्हणून ते भरल्या पानावरून उठले होते.

"नय गो आये, या खेपेला सपाट म्हंजे सपाट!"

लग्नाच्या सकाळी मी तांब्याभर पाणी ओतून पाहिले. ते सरळ भिंतीकडे निघाले. आई फडके घेऊन पाण्यामागे धावली. तो मात्र पाण्याकडे कौतुकाने पाहत होता.

"कसा झ्याक चालला, बग!" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मास्तर, व्याह्यांना वरच्या अंगाला बसवा. तुमची मानसं समोर, खाली."

तसेच केले. व्याह्यांची कढी त्यांच्यापासून दूर पळाली. आमची आमच्या मांडीवर आली. मामा, काका, मी, सगळे धोतर सावरत जेवत होतो. व्याही आमच्याकडे पाहून प्रथमच हसले.

"काळजी करू नका," ते म्हणाले, "मुलीला आमच्याकडे न सांडता जेवायला शिकवू."

दारात उभा राहून मिठागरवाला समाधानाने मान डोलावत होता. त्याचे उपकार मी अजून मानतो.