ढगळ शर्ट

शारजात आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहणारे गृहस्थ सुट्टीवर गावी निघण्याआधी माझं दार वाजवायचे. "यल्ला, चला, शर्ट घेऊन येऊ." लोक गावी चॉकलेटं नेतात, हे ढगळ, गडद, फुलाफुलांचे शर्ट न्यायचे. गावी चुलतभावाशी जमिनीवरून वैर होतं आणि घरच्या कपाटात परवान्याचं पिस्तूल. "उन्हाळ्यात जाकीट घालून कसं फिरणार?" म्हणायचे. पिस्तुलाच्या जागी कमरेला चष्म्याची डबी खोचून ट्रायल रूमबाहेर यायचे, वाकायचे, हात वर करायचे. "दिसतंय काही?"

यंदा गावाहून परतल्यावर त्यांनी अंगासरसा पांढरा शर्ट घेतला आणि पँटमध्ये नीट खोचला.

"आता असाच बरा. चुलतभाऊ गेला."

कसा, ते मी विचारलं नाही. "छान बसलाय," एवढंच म्हणालो.