बडीशेपेच्या बशीतला रुपया

परवा हॉटेलात बिलासोबत बडीशेप आली आणि तिच्या वासासरशी मी सत्तरच्या दशकातल्या इतवारीच्या बाजारात जाऊन पोचले. माझ्या लग्नाचा बस्ता आटोपून आई, बाबा आणि मी जेवायला शिरलो होतो. आमच्या मौदा गावाहून आलेली आई हॉटेलात पहिल्यांदाच जेवत होती. पांढऱ्या मिशांच्या वेटरने तिला आग्रहाने गरम पोळी वाढली.

बिल चुकतं करून बाबा माझ्या कानाशी कुजबुजले, "याले किती द्याचे असतात वं?" मलाही ठाऊक नव्हतं. शेवटी त्यांनी बडीशेपेच्या बशीत एक रुपया ठेवला.

परक्यांसमोर कधी न बोलणाऱ्या आईने तो उचलला. "उष्ट्या बशीत काहून ठेवता?" म्हणत ती उठली आणि तो वेटरच्या हातात देत म्हणाली, "दादा, तुमी मायेनं वाढलं. माह्या पोरीचं लगन हाये, तिले आशीर्वाद द्या."

म्हाताऱ्याने खांद्यावरच्या फडक्याला हात पुसून माझ्या डोक्यावर ठेवला. सारं हॉटेल बघत होतं.

टीप किती द्यावी हे आता मला कळतं. आईसारखी देणं मात्र कधी जमलं नाही. त्या दुपारी मी थक्क होऊन आईकडे पाहतच राहिले. तिच्या ते गावीही नव्हतं. पदर सारखा करून ती साड्यांचं गाठोडं उचलत होती.